सेटिंगचं तोंड

— गॉगल? गॉगलसाठी आलात मामा तुमी किन्हवलीवरनं, भर दुपारचे, दोन एसट्या बदलून? मला वाटलं मुहूर्ताचं काय मागंपुढं झालं, नायतर भटजीनं काय खोट काढली — आतून हात पुसत येईस्तोवर मी देवाचं नाव घेत होते — आन् तुमी बोलता गॉगल. बसा, बसा. त्या खांबाला टेकू नका, कालच चुना मारलाय, पाठ पांढरी होईल. पाणी घ्या. जया आत चहा टाकतेय. हां, आता सांगा. हरेशला वरातीला गॉगल पायजे. मंग पायजेच की! नवरदेव हाय तो. आपल्याकडं बाशिंग विसरलं तर चालून जातं, गॉगल विसरला तर वरात अडते — सगळीकडं काळोख, पुढं बेंजो वाजतोय, आन् नवरदेव डोळ्यावर काळा गॉगल लावून ठेचा खात चाललाय, करवलीनं हाताला धरलाय म्हणून बरं. आमच्या चुलत दिराचा पोरगा तसाच चिखलात बसला होता, मुंडावळ्यांसकट. पण हौस हाय, एकदाच लग्न होतं. जयाचे बाबा उद्या मुरबाडला जातायत, बाजारातला चांगला झकास आणतील —

काय? बाजारातला नको?

बरं, बरं, ऐकते, बोला तुमी. कंपनीतला पायजे. जयाच्या कंपनीतला, सोनेरी दांडीचा, आन् जयानं आपल्या हातानं आणलेला. दोस्तांना सांगून बसलाय तो, माझी होणारी बायको गॉगलच्या कंपनीत हाय, बघा आता कसला गॉगल येतो ते. हो का? आन् नायतर? नायतर काय मामा, अडखळू नका, बोला. नायतर मांडवात पाय ठेवणार नाय? असं बोलला हरेश? हसत बोलला का रागानं? — नाय, मला कळायला पायजे ना. रागानं. बरं. म्हणजे सुपारी फुटली, पत्रिका वाटून झाल्या, किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत सोयऱ्याधायऱ्यांना सांगणं झालं, आठ दिवसांवर हळद आली, आन् आता माझ्या पोरीचं लग्न एका गॉगलवर टांगलं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! रागावू नका, तुमाला नाय बोलत. तोंडातून जातं. शकूची जीभ शकूच्या ताब्यात नाय, असं माझी सासू मरेपर्यंत बोलायची.

तर झालंय काय मामा, जया सध्या कंपनीत जात नाय. रजा घेतलीय. लग्नाची रजा. हळद लागायच्या पोरीनं उन्हातान्हात कुठं हिंडायचं, म्हणून. पॅकिंगला होती ती, तुमी बघायला आलात तेव्हाच सांगितलं होतं — पॅकिंगला, बसून काम, खोक्यात भरायचं, चिकटपट्टी लावायची, बाकी कशात नाय. मंग रजेवरच्या पोरीला कोण गॉगल देईल? गेटवर झडती घेतात, डब्यातली भाकरीसुद्धा उलटून बघतात मेले. आन् खरं सांगू का? मी तर म्हणते नकोच तो गॉगल. नवऱ्या मुलाच्या अंगाला लागू द्यायची चीजच नाय ती. थू! तुमी नुसता दुकानात टांगलेला बघता, काळा, चकचकीत, बोलता काय माल हाय. मी आत होते ना. जयाच्या आधीपासून होते. तो कसा होतो ते बघितलंय मी, आन् तेव्हापासून कोणाच्या डोळ्यावर गॉगल दिसला की मी तोंड फिरवते.

आता बघा. पयलं काय, तर प्लास्टिकचा दाणा. साबुदाण्यासारखा दिसतो, पोतीच्या पोती. तो मशीनमधी वितळतो तेव्हा जो वास सुटतो — जळक्या चपलेवर कोणी साखर टाकावी तसा, गोडूस. गोडूस म्हणून जास्त घाण. डबा खाताना तोच, घरी येऊन भात उपसताना तोच, डोक्यावरनं न्हायलं तरी केसात तोच. जयाचे बाबा बोलायचे, तू बाजूला येऊन निजलीस की वाटतं एमआयडीसी येऊन निजली. मंग साच्यातून फ्रेम निघते, कडेला पापुद्रे लटकत. ते ब्लेडनं खरडायचे. बाया माना खाली घालून नुसत्या खर्र खर्र, खर्र खर्र, आन् तो भुसा नाकात. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं. नायतर ज्या रंगाचा माल, त्या रंगाचं. एकदा लाल फ्रेमचा माल चालला होता, आन् मी पदर बघून घाबरलेच, वाटलं नाकातनं रक्त जातंय, गेले आता मी. मुकादमाला दाखवला तर तो बोलला, अगो मावशी, रंग पक्का हाय म्हणायचा आपला.

मंग ड्रम. मी ड्रमवर होते. लाकडाचं मोठं पिंप असतं, आडवं, गरागरा फिरतं. त्याच्यात फ्रेमा टाकायच्या, लाकडाच्या बारक्या चिपट्या टाकायच्या, वरून पावडर आन् तेलकट लगदा, आन् सोडायचं फिरायला, दिवसभर रात्रभर घर्र घर्र. घासून घासून फ्रेम गुळगुळीत होते, म्हणजे तुमी जो हात फिरवून बोलता ना, काय फिनिशिंग हाय — ते. पण तो लगदा मामा! जुना झाला की आंबतो. पावसाळ्यात झाकण काढलं की मेलेल्या खेकड्याचा वास, आन् त्यात कोपरापर्यंत हात घालून फ्रेमा वेचायच्या. बदला बोललं तर बोलायचे, अजून चालेल, अजून चालेल. ही नखं बघा — कंपनी सुटली तरी मुळातला लगद्याचा पांढरा डाग गेलेला नाय. भाकरी थापताना मलाच माझ्या हातांची शिसारी यायची. मी आपली जयाला थापायला लावायची नि मी चुलीशी बसायची.

पुढं काच. ती पण काच नसतेच, ते पण प्लास्टिकच. कढईत बारीक वाळू तापवतात, त्या वाळूत फ्रेम खुपसायची, मऊ झाली की अंगठ्यानं काच दाबून बसवायची नि लगेच थंड पाण्यात. अंगठा भाजतो. रोज भाजतो. फोड येतो, फोडावर फोड येतो, मंग कातडं मरतं, आन् कातडं मेलं की बाई कामात पक्की झाली असं धरतात. त्या फोडातलं पाणी कुठं जातं सांगा? काचेवरच जातं. आन् ती काच पुसायची कशी, हे तर ऐकाच. पुसायला स्पिरिट असतं, पण ते कपाटात, कपाटाला कुलूप. मंग बायांनी काय करायचं, हाऽऽ करून तोंडाची वाफ सोडायची नि फडकं मारायचं. आमच्या लायनीत पुसायला धोंडूबाई. सकाळी मशेरी, दुपारी मशेरी, चहा झाला की परत मशेरी, तोंडात पुढचे दोन दात, आन् दिवसभर तिचं चाललेलं हाऽऽ, हाऽऽ. तुमचा सोनेरी दांडीचा गॉगल दुकानात ऐटीत बसलेला असतो ना, त्याच्यावर धोंडूबाईच्या मशेरीची वाफ बसून गेलेली असते. तो हरेशच्या डोळ्यावर, अंगाला हळद लागलेली, समोर देवक ठेवलेलं — शोभतं का? हसता काय मामा! धोंडूबाई जित्ती हाय अजून, जाऊन विचारा तिला.

बास, एवढंच असतं. मंग सेटिंग नि मंग पॅकिंग. — सेटिंग? सेटिंग म्हणजे काय नाय, दांड्या वाकड्या असल्या तर सरळ करायच्या. ते राहू द्या. हा घ्या चहा आला. जया, बिस्किटं ठेव नि जा आत, खोबरं किसायचं राहिलंय ना. — रोड वाटली? नाय हो, लग्नाच्या पोरी अशाच दिसतात. तर मी काय बोलते, हरेशला तुमी समजवा. मामाचं ऐकतो पोरगा. सांगा, कंपनीचा माल घाण हाय, सासूबाई बोलल्या कल्याणवरनं भारीतला आणून देतो —

हे काय काढलंत खिशातनं? तुमचा? बघू इकडं. कुठनं घेतलात? मुरबाडला, रस्त्यावर चादरीवर ढीग होता त्यातनं? होळीच्या आधी? अगो बाई, हा तर आमचाच. दांडीच्या आत बोट फिरवा, बारीक टिंब लागेल, तो आमचा साचा. घाला बघू. घाला हो, लाजता काय, नवऱ्याचे मामा तुमी! — घसरला! डाव्या अंगाला कलतो ना? नाकावर ठरत नाय, सारखं बोट लावून वर करावं लागतं? बया बया बया, हा त्याच मालातला! आता मी सांगते तसं करा. नाक आकसा. आणखी. सडका बोंबील हुंगल्यावर करतो ना आपण, तसं. वरचा ओठ वर घ्या, गाल वर चढवा. हां! आता तोंड थोडं डावीकडं वळवा, कोणापासनं तरी लांब सरकताय असं. बसला की नाय? गच्च बसला! हसू नका, हसलात की पडेल.

तुमी एकटे नाय हो. माघ-फाल्गुनातल्या निम्म्या नवरदेवांनी हाच घातलेला. बाजारातनं परत आलेला माल, कंपनीनं किलोवर फुंकून टाकला, तो चादरीवर आला, सस्त्यात मिळतोय म्हणून लोकांनी उचलला. टोकावड्याच्या एका लग्नात मी गेलते — नवरी एवढी गोरीपान, नाकीडोळी नीटस, आन् बाजूला हा नाक आकसून, दात दाखवून, तोंड तिच्यापासनं फिरवून बसलेला. नवरीची आई रडायला लागली बिचारी, बोलली माझी पोरगी पसंत नाय वाटतं जावयाला. व्हिडिओत पण तसाच आलाय म्हणे, पयल्यापासनं शेवटपर्यंत. पोट धरून हसले मी त्या दिवशी. आन् घरी येऊन रडले.

असा कसा म्हणजे? गॉगल काय आपल्या मनानं वाकतो? ज्या तोंडावर बसवून बघतात, त्या तोंडासारखा होतो तो. जयाचं तोंड तेव्हा तसंच असायचं, मंग माल पण तसाच —

बिस्किट घ्या ना मामा.

नाय, पॅकिंगलाच. पॅकिंगलाच होती, मी खोटं कशाला बोलेन? मधी थोडे दिवस तिला सेटिंगला — थोडेच — म्हणजे काम तेच, बसून. असं बघू नका माझ्याकडं. बरं. निघालंच तोंडातून, तर आता सगळं ऐका. अर्धं ऐकून जाल नि तिकडं दीडपट करून सांगाल, त्यापेक्षा पुरं ऐका.

सेटिंगला पयलं एक लाकडाचं मुंडकं होतं. मशीनबरोबर आलेलं, भायेरच्या देशातलं, गोरं, लांब नाकाचं. बायांनी त्याला कुंकू लावलेलं, जाता-येता विचारायच्या, काय भावोजी, जेवलात का? त्या मुंडक्यावर गॉगल चढवायचा, कुठं कलतो, कुठं फाकतो ते बघायचं, दांडी गरम हवेवर धरून वाकवायची नि परत चढवायचा, असं. तर पावसाळ्यात त्या मुंडक्याचं नाक वाळवीनं खाल्लं. आपल्याकडची वाळवी, ती देव्हारा सोडत नाय, ते मुंडकं सोडते काय! दुसरं मागवायचं सोडून सेटिंगचा मास्तर बोलला, मागवायचं कशाला, एवढी तोंडं हायत की कंपनीत. सगळ्या पोरींना ओळीनं उभ्या केल्या, बैलबाजारात दात बघतात तशी नाकं बघितली, आन् जयाचं तोंड निवडलं. नाक सरळ, दोन्ही कान एका रेषेत. वीस वर्षाची पोर, त्या दिवशी घरी हसत आली — आई, कंपनीचा सगळा माल आता माझ्या तोंडावर बसून जाणार! ड्रम नाय, भुसा नाय, वाळूची कढई नाय, स्टुलावर बसायचं, हात मांडीवर, हलायचं नाय. बाकीच्या पोरी जळल्या. आन् मी पाणवठ्यावर सांगत फिरले, आमच्या जयाचं तोंड कंपनीनं घेतलं.

प्लायवूडची खोली होती सेटिंगला, धूळ नको म्हणून. आत मास्तर नि जया. मास्तराच्या तोंडात गुटखा, हातात गरम दांडी. गॉगल चढवायचा तर दोन्ही हात तिच्या कानामागं जाणार, ते कामच हाय, दांडी टोचते का ते बोट घालून बघावंच लागतं. पयले दिवस ती काय बोलली नाय. पण लाकडाच्या मुंडक्याच्या कानामागं गेलेलं बोट कानामागनंच परत येतं. ह्याचं येईना. कानावरनं मानेवर, मानेवरनं गालावर. हनुवटी धरायची, इकडं बघ बोलायचं. केस मागं सारायचे. एकदा अंगठा ओठावरनं फिरवला, बोलला पावडर लागलीय. आन् तोंड एवढं जवळ, बोलला की गुटख्याची थुंकी हिच्या गालावर. पुसायची सोय नाय, हललीस की सेटिंग बिघडतं, हलायचं नाय. आन् गॉगल काय एक असतो? एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, सुट्टीचा भोंगा होईपर्यंत. गणपतीपासनं दिवाळीपर्यंत माझी पोरगी त्या स्टुलावर बसली, मामा. घरी येऊन तोंड धुवायची, चुलीतली राख घेऊन, पातेलं घासतात तसं गाल घासायची. मी बोलायची, अगो, साबण काय मेलाय का? ती बोलायची, कंपनीचा वास जात नाय.

आता तो हात जवळ आला की तिचं नाक आपोआप आकसायचं, तोंड बाजूला वळायचं. मुद्दाम नव्हती करत ती, देवाशप्पथ. तुमच्या अंगावर पाल पडली तर तुमी काय ठरवून झटकता? आन् मास्तराचं लक्ष सेटिंगवर होतं कुठं! तो आपला त्या आकसलेल्या तोंडावर गॉगल चढवायचा, सरळ दिसला की पुढं ढकलायचा. गाड्या भरून माल गेला, आन् दिवाळीनंतर गाड्या भरून परत आला. मुंबईचा शेठ आला तणतणत, एक पण गॉगल एका पण गिऱ्हाइकाच्या नाकावर बसत नाय. मास्तर लगेच बोलला, ह्या पोरीनं तोंड वाकडं करून माल बिघडवला. चोराच्या उलट्या बोंबा! तिला ऑफिसात उभी केली. मला कोणी तरी येऊन सांगितलं, मी ड्रमवरनं तशीच गेले, हात कोपरापर्यंत लगद्याचे. शेठ बोलला, का गं, तोंड वाकडं का करायचीस? मला वाटलं ही आता माफी मागते नि नोकरी राहते. माझी जया, पाहुण्यासमोर आवाज फुटत नाय तिचा, तुमी बघितलंच हाय. ती बोलली, ह्याच्या हातांची किळस येते मला. एवढंच. सगळ्यांसमोर.

शेठनं काय केलं असेल, सांगा? मास्तराच्या थोबाडीत दिली असेल? मास्तराकडं बघून बोलला, दुसरी पोरगी बघ, सोशिक बघ. सोशिक! आन् आमा दोघींना गेटच्या भायेर. बौद्धवाड्यातली शालन तेवढी आपला डबा उचलून आमच्या मागनं आली. तिच्या नवऱ्याला पण तेव्हा काम नव्हतं, तरी आली, बोलली जिथं जयाचं तोंड चालत नाय तिथं माझे हात पण नकोत. बाकीच्या माना खाली घालून खर्र खर्र करत बसल्या. मी त्यांना दोष देत नाय. — देते. कशाला खोटं बोलू, देते. तोच मास्तर अजून तिथंच हाय, तुमचा तो सोनेरी दांडीचा माल त्याच्याच हातनं जातो. त्याच्या दारात जाऊन मी जावयासाठी गॉगल मागू? थू त्याच्या जिनगानीवर.

मामा?

गॉगल का खिशात घातलात? चहा निवला का? दुसरा आणू?

हे बघा, तुमी मोठे हाय, वडीलधारे हाय, मी तोंडाळ बाई, बोलून गेले. झाकली मूठ राहू द्या. हरेशला नका सांगू. पाया पडते मी तुमच्या, हे बघा, पदर पसरते. गॉगलचं आमी करतो काय तरी, जयाचे बाबा मुंबईला जातील, जिथनं मिळेल तिथनं आणतील, पण हे इथंच राहू द्या. आन् पोरीचा काय गुन्हा त्यात? तिनं काय केलं? तुमाला सांगते, तिला आवडलाय हो हरेश. तुमी सगळे बघायला आलात तेव्हा तो सगळा वेळ पोह्यांच्या बशीकडं बघत होता, मी तर बोलले कसला घुम्या पोरगा हा. ती बोलली, आई, ह्याला हो सांगा, हा माणूस तोंडाकडं टक लावून बघत नाय. त्या दिवसापासनं राखेनं तोंड घासणं बंद झालंय तिचं. गाणं म्हणते कधी कधी भात कांडताना. एवढ्यावर पाणी नका टाकू मामा.

— काय? किती दिवस? सांगितलं ना, गणपतीपासनं दिवाळीपर्यंत. नाय, खोलीचं दार बंद नसायचं. नाय. तोंडालाच. मानेला. ...नाय म्हणते ना. तुमाला आणखी काय ऐकायचंय? मी सांगितलं तेवढंच झालं, त्याच्या पुढं काय नाय झालं, आन् झालं तेवढं काय कमी हाय का? विचारता काय असं, खाली वाकून, हळू आवाजात? मी ओटीवर मोठ्यानं बोलतेय, तुमी पण मोठ्यानं बोला.

तिला बोलवू? कशाला? बघितली की तुमी तिला, आत्ता चहा घेऊन आली होती. नीट बघितलं नाय? म्हणजे उजेडात बघायचंय. तोंडाला काय निशाण हाय का, भाजल्याचं, कसलं, ते. आन् तिच्या तोंडून ऐकायचंय, कुठं कुठं हात लावला ते. म्हणजे तिकडं जाऊन तुमाला खात्रीनं सांगता येईल, की माल चांगला हाय. — नाय, माल नाय बोललात, पोरगी बोललात. मला ऐकू आलं बरोबर. आन् तुमी सांगितलं तर लग्न राहील? तुमच्या शब्दावर हरेश ऐकेल? शप्पथ? ...बरं. बरं मामा. एकदा बघा नि मिटवून टाका. जया! जया गो, भायेर ये जरा, मामा बोलवतात. ओटीवर उजेड हाय. ये, इकडं उन्हात ये, ह्यांना —

हात कशाला पुसताय तुमी लेंग्याला?

नाय, मी विचारते, हात कशाला पुसलात? तोंड बघायचंय बोललात ना, मंग ते डोळ्यांनी बघतात. हनुवटी धरून वर करणार होतात तिची? थांब जया. तिथंच थांब. पुढं पाऊल टाकू नकोस बाय. आत जा. मी सांगते तुला, आत जा नि खोबरं किसत बस.

उठा मामा. उठा म्हणते ना. ती बशी ठेवा खाली. हरेशला सांगा, सगळं सांगा, काय गाळू नका, काय घालू नका, आन् त्याला बोला, शकूच्या पोरीचं तोंड बघायला आता कोणी मध्यस्थ यायचा नाय. यायचं तर त्यानं यावं, नाय यायचं तर लग्नाला भरलेला तांदूळ आमी घरचेच खाऊ. मोडलं तर मोडलं. नाय, आता एक शब्द नको. चपला पायरीवर हायत तुमच्या. निघा.